केसपेपरवर न आलेली जखम

अंगावरून पांढरं जातं, कंबर भरून येते, हातापायांत त्राण नाही, छातीत धडधडतं, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कोणत्याही डॉक्टरला ही यादी तोंडपाठ असते. त्यावर लोहाच्या गोळ्या, एखादं व्हिटॅमिन, वेदनाशामक आणि बाईने फारच चिकाटी धरली तर सोनोग्राफी, इथवर मजल जाते. या शतकाच्या सुरुवातीला मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात ‘स्त्री आरोग्य शोध’ या नावाने सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी केली, तेव्हा या यादीमागे काय असू शकतं याचा थोडा उलगडा झाला. पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशी अधिक घट्ट निघाला. हा ताण कशाचा, याचा माग काढता पुढे आलेल्या कारणांत नवऱ्याकडून होणारा छळ ठळक होता. अशा बायकांमध्ये नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्नही अधिक आढळले. म्हणजे बाई दवाखान्यात येत होती आणि बोलतही होती. घरच्यांसमोर जेवढं बोलता येतं तेवढं बोलत होती, एवढंच.

हा प्रश्न मूठभर घरांचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण २५ टक्के आहे, म्हणजे चौघींत एक. त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्क्यांनी कोणाकडे मदत मागितली नव्हती आणि कोणाजवळ त्याबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं. त्यामुळे मानसिक परिणाम आणि उपचार यांविषयी आपण जे काही बोलतो ते उरलेल्या बोलक्या अल्पसंख्येच्या आधारावर बोलतो, हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: घरातल्या हिंसेने मनावर जे होतं त्याला आपण मारहाणीची सावली समजतो, मुख्य जखम अंगावरची आणि मनाचं दुखणं तिच्या मागोमाग आलेलं. प्रत्यक्षात मन ताब्यात घेणं हेच त्या हिंसेचं मुख्य काम असतं, मारहाण हे त्याचं एक हत्यार. हे मान्य केलं की उपचार म्हणजे काय, कोणी करायचा आणि तो कधी बिघडतो, या सगळ्यांची उत्तरं बदलतात.

कायद्याने ही गोष्ट बऱ्यापैकी ओळखलेली आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात शारीरिक आणि लैंगिक हिंसेच्या बरोबरीने शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ येतो. रोजच्या संसारात तो कसा दिसतो? पन्नास रुपयांची भाजी आणली तर त्यातल्या कोथिंबिरीचा वेगळा हिशोब द्यावा लागतो. मोबाइल असतो, पण संध्याकाळी कॉल-लॉग तपासला जातो आणि आईला केलेला फोन सात मिनिटांचा का झाला हे विचारलं जातं. पगार तिचा, एटीएम कार्ड त्याच्या खिशात. पाहुण्यांसमोर तिच्या स्वयंपाकावर, रंगावर, बापाच्या ऐपतीवर हसत हसत टोमणे, आणि ती हसली नाही तर ‘हिला चेष्टा कळत नाही’ हे वर. यातली एकेक गोष्ट सुटी काढून पोलिस ठाण्यात सांगितली तर ती क्षुल्लक वाटते, आणि हीच तिची ताकद असते. अमेरिकी अभ्यासक एव्हन स्टार्क यांनी २००७ मध्ये ही सगळी वागणूक एकाच धाग्यात ओवून दाखवली: बाईचा वेळ, पैसा, ये-जा आणि नातीगोती यांवर ताबा मिळवण्याची ती एक सलग पद्धत असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने अशा सततच्या नियंत्रणाला स्वतंत्र गुन्हा ठरवलं. या पद्धतीत मारहाण वर्षातून दोनदा झाली तरी पुरते. बाकीचे दिवस तिच्या आठवणीवर निभतात.

अशा घरात राहणाऱ्या बाईच्या मेंदूचं काय होतं हे समजायला फार शास्त्र लागत नाही. गल्लीत बाइकचा आवाज आला की आज तो कोणत्या तोऱ्यात आहे हे तिला इंजिन बंद होण्याच्या पद्धतीवरून कळतं. चप्पल कशी काढली, दार कसं लोटलं, पाणी मागताना आवाज कुठल्या पट्टीत होता, यांवरून ती पोरांना आतल्या खोलीत पाठवते, भाजीत मीठ पुन्हा चाखून बघते, टीव्ही बंद करते. याला वैद्यकात अतिसावधपणा म्हणतात आणि लक्षणांच्या यादीत घालतात. पण त्या घरात ते तिचं शहाणपण असतं. दररोज, वर्षानुवर्षं शरीर असं धोक्याच्या तयारीत राहिलं की त्याची किंमत चुकवावी लागते. ताणाच्या संप्रेरकांचं चक्र बिघडतं, झोप तुटते, पचन आणि पाळी बिनसते, दुखणं वाढतं, लक्ष लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा जो आढावा घेतला त्यात जोडीदाराची हिंसा सोसलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्याची शक्यता इतरांपेक्षा जवळजवळ दुप्पट दिसली. डोक्याला मार बसलेल्या किंवा गळा आवळला गेलेल्या बायकांत मेंदूला थेट इजाही झालेली असू शकते. बाहेरून त्याची खूण राहतेच असं नाही. मग तारखा आठवत नाहीत, घटनांचा क्रम उलटसुलट होतो, बोलताना ती मध्येच गप्प होते. नेमक्या याच कारणाने पोलिसांना, वकिलाला आणि कधी कधी डॉक्टरलाही ती खोटं बोलते आहे असं वाटतं.

या दुखण्याला मानसोपचाराने बराच काळ नीट जागा दिली नव्हती. आघातोत्तर तणाव विकार हे निदान १९८० च्या सुमारास रूढ झालं ते मुख्यतः व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांकडे पाहून. युद्ध संपलं आहे, सैनिक घरी आला आहे, तरी मन रणांगणातच आहे, असं ते चित्र. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या पुस्तकात सैनिक, कैदी आणि घरात छळ सोसणाऱ्या स्त्रिया यांना शेजारी बसवलं आणि दाखवून दिलं की दीर्घकाळ एखाद्याच्या ताब्यात राहिलेल्या माणसाचं दुखणं वेगळं असतं. त्यात भीतीबरोबर स्वतःविषयीची घृणा येते, ‘माझंच काहीतरी चुकतं’ ही खात्री येते, कोणावर विश्वास टाकता येत नाही, भावना एक तर उसळतात नाहीतर पार गोठून जातात. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ मध्ये लागू झाली, तेव्हा कुठे गुंतागुंतीचा आघातोत्तर तणाव विकार हे स्वतंत्र निदान त्यात आलं. तरीही सैनिकाशी तुलना एका जागी तोकडी पडते. सैनिकाचं युद्ध मागे पडलेलं असतं. आपल्याकडे दवाखान्यातून परतणारी बाई बहुतेकदा त्याच घरात, त्याच माणसाला रात्री वाढायला जात असते.

इथे हमखास येणारा आक्षेप म्हणजे ‘मग ती सोडून का जात नाही?’ याला मानसशास्त्राने दिलेलं एक जुनं उत्तर फार प्रसिद्ध झालं आणि त्याने थोडं नुकसानही केलं. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले. ज्यांना विजेचे धक्के चुकवण्याचा कोणताच मार्ग नव्हता ती कुत्री पुढे मार्ग दिल्यावरही जागची हलली नाहीत. याला शिकलेली असहायता असं नाव पडलं, आणि १९७९ मध्ये लेनोर वॉकर यांनी ते मार खाणाऱ्या स्त्रियांना लावलं. वॉकर यांचा हेतू बाईची बाजू मांडण्याचा होता, पण त्यातून लोकांनी घेतलं ते एवढंच की ही बाई असहाय व्हायला शिकली आहे, म्हणजे दोष तिच्या शिकण्यात आहे. गंमत अशी की २०१६ मध्ये मायर आणि सेलिगमन यांनी स्वतःच आपला सिद्धान्त उलटा फिरवला. मधल्या पन्नास वर्षांत मेंदूवर झालेल्या कामावरून त्यांनी मान्य केलं की निपचित होणं कोणी शिकत नाही. लांबलेल्या यातनेला सस्तन प्राण्यांच्या मेंदूची ती मुळातली प्रतिक्रिया आहे. शिकावी लागते ती दुसरीच गोष्ट: आपल्या करण्याने काही बदलतं हा अनुभव. तो अनुभव मिळाला की मेंदूचा पुढचा भाग त्या निपचितपणाला आवर घालतो आणि पुढच्या संकटातही त्याचा उपयोग होतो. उपचाराच्या दृष्टीने मला या दुरुस्तीचं मोल फार वाटतं. कारण मग बाईला ‘हिंमत धर’ सांगण्यात अर्थ उरत नाही, आणि तिच्या वतीने भराभर निर्णय घेऊन टाकण्यात तर मुळीच नाही. तिने ठरवावं आणि तिने ठरवल्यासारखं घडावं, असे छोटे छोटे प्रसंग साठत जाणं हाच औषधाचा डोस.

शिवाय न जाण्यात नुसता निपचितपणा नसतो, हिशोबही असतो. अमेरिकेत जोडीदाराकडून झालेल्या खुनांचा अभ्यास करणाऱ्या जॅकलिन कॅम्पबेल यांच्या कामातून दिसलं की बाई नातं तोडून निघते तो काळ सर्वांत धोक्याचा असतो, विशेषतः माणूस अतिशय ताबा गाजवणारा असेल तर. आणि पूर्वी गळा आवळण्याचा प्रकार झाला असेल तर जिवाचा धोका कैक पटींनी वाढतो. आपल्याकडे या हिशोबात आणखी रकाने भरावे लागतात. माहेरी भावाचा संसार आहे, धाकटीचं लग्न व्हायचं आहे, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव आहे, भाड्याची खोली एकट्या बाईला मिळत नाही. त्यात आजूबाजूचं मत. वर सांगितलेल्या पाहणीत निदान एखाद्या कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायकांचं प्रमाण ४५ टक्के होतं, पुरुषांचं ४४. बाई ज्यांच्याकडे धाव घेणार त्या आई, सासू, जाऊ, शेजारीण याच ४५ टक्क्यांत असू शकतात. ‘मुलांसाठी राहते’ म्हणणारी बाई स्वतःची समजूत घालते असं आपण समजतो. अनेकदा ती अगदी खरं सांगत असते.

मनाची जखम ओळखली नाही तर काय होतं याचं महाराष्ट्रातलं एक उदाहरण कायद्याच्या पुस्तकांत कायमचं जाऊन बसलं आहे. पुण्यात जून १९८२ मध्ये मंजुश्री सारडा या तरुणीचा विषाने मृत्यू झाला. लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं न्यायालयात पुरावा म्हणून वाचली गेली. त्यांतून तिची घुसमट दिसत होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये खुनाचा आरोप सिद्ध होत नाही असा निर्णय दिला, आणि तिची मनःस्थिती पाहता आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण होतं. परिस्थितीजन्य पुराव्याच्या कसोट्यांसाठी हा निकाल वकिलांना आजही पाठ असतो. निकालावर माझं भाष्य नाही, फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा मिळायलाच हवा. मुद्दा असा की त्या वेळच्या चौकटीत प्रश्न एकच होता, विष कोणी दिलं. चार महिन्यांत एका माणसाचं मन इतकं खचलं कसं, हा प्रश्न विचारायला कलमच नव्हतं. या आणि अशा मृत्यूंमुळे पुण्यात विद्या बाळ यांच्यासारख्या कार्यकर्त्या रस्त्यावर आल्या, नारी समता मंच उभा राहिला. पुढे १९८३ मध्ये ४९८-अ कलम आलं आणि त्यातल्या क्रूरतेच्या व्याख्येत मानसिक आरोग्याला होणारी इजाही आली. आता ते भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत आहे. २००५ च्या कायद्याचं २२ वं कलम तर मानसिक छळ आणि भावनिक त्रासासाठी भरपाई देता येते असं स्पष्ट म्हणतं. पण कलम असणं आणि दिसणं यांत अंतर आहे. २०२२ मध्ये देशात आत्महत्या केलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, २५ हजारांवर, गृहिणी होत्या. सरकारी तक्त्यात कारणाच्या रकान्यात ‘कौटुंबिक समस्या’ असा एक प्रशस्त शब्द असतो. त्यात काय काय मावतं हे तक्ता सांगत नाही.

आता उपचार. सर्वांत जास्त मिळणारा उपचार म्हणजे गोळी, आणि तीही बरेचदा झोपेची. घरात काय चाललं आहे हे न विचारता दिलेली झोपेची गोळी नुसती निरुपयोगी नसते, घातक ठरू शकते. जी सावध झोप तिला आजवर वाचवत आली ती गुंगीत जाते. आणि ज्या घरात ‘मर एकदाची’ हे रोजचं वाक्य आहे तिथे एक पूर्ण पट्टी कपाटात येऊन पडते. आघात नुकताच झालेल्या माणसाला पहिल्या महिन्यात या जातीच्या गोळ्या देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहेच. म्हणून औषधच नको, असं टोकाचं बोलणाऱ्यांशीही मी सहमत नाही. मध्यम किंवा तीव्र नैराश्य असेल, बाई चार-चार दिवस जेवत नसेल, मरणाचे विचार हटत नसतील, तर नैराश्यावरची औषधं तिला विचार करण्याइतकं बळ परत देतात आणि ती मुदतभर नीट घ्यायला हवीत. फक्त त्या औषधाने सुटतं ते नैराश्य. घर सुटत नाही.

घराची चौकशी कशी करायची याचा भारतातला पहिला मोठा धडा मुंबईत गिरवला गेला. ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, पुढे कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात आणि मग पालिकेच्या इतर रुग्णालयांत ते पसरलं. रुग्णालयच का? कारण पोलिस ठाण्यात किंवा संस्थेत गेली की घरात बोभाटा होतो. दवाखान्यात जायला बाईला कोणाची समजूत घालावी लागत नाही. परिचारिका आणि डॉक्टरांना काही खुणा टिपायला शिकवलं जातं: घडलेल्या प्रसंगाशी न जुळणारी जखम, पुन्हा पुन्हा येणारं अंगदुखीचं गाऱ्हाणं, गरोदरपणातला मार, आणि केसपेपरवर ‘चुकून प्यायले’ असं लिहिलेलं उंदराचं औषध. मग बाईला नवऱ्यापासून किंवा सासूपासून बाजूला घेतलं जातं, एवढी साधी गोष्ट पण तिच्यावर सगळं अवलंबून असतं, आणि विचारलं जातं. ऐकताना ‘तू काय केलं होतंस?’ हा प्रश्न वर्ज्य. जागतिक संघटनेची पद्धतही हीच आहे: निवाडा न करता ऐकणं, आत्ता काय हवं ते विचारणं, तिच्या सांगण्यावर विश्वास दाखवणं, सुरक्षिततेचं बघणं आणि पुढच्या मदतीशी जोडून देणं. सरसकट प्रत्येक बाईला हा प्रश्न विचारा असं ती संघटनाही म्हणत नाही. खूण दिसली आणि खोली बंद करता आली तरच विचारायचं. सुरक्षिततेचा आराखडा तर अगदी घरगुती असतो. भांडण पेटलं तर स्वयंपाकघरात थांबायचं नाही, तिथे हत्यारं असतात. आधार कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती शेजारणीकडे. आवाज चढला की कोणी दार वाजवायचं हे आधी ठरवून ठेवायचं. मानसोपचाराच्या पुस्तकात याला तंत्र म्हणून मान नाही, पण भीती ज्या कारणाने आहे ते कारण थोडं जरी आवाक्यात आलं की धडधड उतरते, असा या कामाचा अनुभव आहे.

पुढचे उपचार या पायावर उभे राहतात. हर्मन यांनी तीन टप्पे सांगितले होते: आधी सुरक्षितता, मग झालेलं आठवून त्याचा शोक करणं, मग माणसांत परत येणं. दुसऱ्या टप्प्यात आघातावर केंद्रित विचार-वर्तन उपचार किंवा डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी ईएमडीआर पद्धत वापरली जाते आणि दोन्हींना बऱ्यापैकी पुरावा आहे. मात्र त्यांची शिफारस हिंसेतून बाहेर पडलेल्या स्त्रियांसाठी आहे. उघड आहे, रोज मार खाणाऱ्या बाईला ‘धोका आता संपला आहे हे मनाला शिकव’ असं सांगणं म्हणजे तिची थट्टा.

इथे दोन गंभीर आक्षेप येतात, आणि दोन्ही स्त्रीचळवळीच्या आतून येतात. पहिला असा की मारणारा धडधाकट फिरतो आणि रोगी ठरते ती बाई. समाजाच्या अन्यायाला तुम्ही एका बाईचा आजार करून टाकता. दुसरा अधिक रोखठोक: निदानाचा कागद उद्या तिच्याच विरुद्ध वापरला जाईल. ही भीती हवेतली नाही. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहे आणि ‘बायको वेडी आहे, गोळ्या घेते’ हे मुलांचा ताबा मागतानाचं ठरलेलं वाक्य आहे. तरीही उपचार टाळणं हे त्यावरचं उत्तर होत नाही. हात मोडल्यावर प्लास्टर घातलं म्हणून कोणी हाताला दोषी धरत नाही. दोष मोडणाऱ्याकडेच राहतो आणि एक्स-रे उलट पुराव्याला येतो. मनाच्या बाबतीत तसं व्हायचं तर कागद नीट लिहिला गेला पाहिजे. ‘नैराश्य’ एवढाच शब्द लिहिणं आणि ‘नवऱ्याकडून सतत होणाऱ्या मारहाणीचा इतिहास, त्यानंतर नैराश्य’ असं लिहिणं, यांत न्यायालयात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही इथे तिच्या बाजूचा आहे: नुसत्या आजाराच्या निदानावरून कोणाला मनोविकल ठरवता येत नाही, ते सक्षम न्यायालयाचं काम आहे, रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं आहे. वॉर्डात जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराला हे ठाऊक असतंच असं नाही, आणि उशाशी सासू बसलेली असते.

उलट बाजूने येणारा आक्षेप खोट्या तक्रारींचा. कायद्याचा गैरवापर होतो हे न्यायालयांनीही म्हटलं आहे, आणि निरपराध पुरुष व त्याचे म्हातारे आईबाप अडकले तर ते दुःखही खरंच असतं. पण समुपदेशनाची खोली कोणाला शिक्षा देत नाही. तिथे बाईवर विश्वास ठेवल्याने कोणी तुरुंगात जात नाही. न ठेवल्याने मात्र त्या ७७ टक्क्यांत भर पडते.

मला खरी काळजी वाटते ती समुपदेशन या नावाखाली चालणाऱ्या समेटाची. ‘थोडं तू सोस, थोडं तो सोसेल’, ‘भांड्याला भांडं लागायचंच’, ‘जुळवून घे’, हे ऐकवून बाईला पुन्हा नांदायला धाडलं जातं आणि हुंदके आवरले की काम झालं असं समजतात. २००५ च्या कायद्याखालचे नियम इथे कमालीचे स्पष्ट आहेत. न्यायालयाने नेमलेल्या समुपदेशकासमोर आपल्या हिंसेचं कोणतंही समर्थन मांडण्याची मुभा प्रतिवादीला नाही, आणि ही गोष्ट बैठक सुरू होण्यापूर्वीच त्याला सांगायची आहे. ‘ती उलट बोलली म्हणून’ हे वाक्य त्या खोलीत चालत नाही. सुरुवातीला मांडलेला मुद्दा इथे कसाला लागतो. ताबा हाच जखमेचा गाभा असेल, तर दोघांना समोरासमोर बसवून केलेली तडजोड म्हणजे ताब्यातल्या माणसाची सही घेणं. काही बायकांना संसार खरंच टिकवायचा असतो आणि तो निर्णयही तिचाच. मात्र तो तिने एकटीने, आधी, भीतीविना सांगितलेला असावा.

‘सगळं दारूमुळे’ हाही एक लाडका युक्तिवाद. दारू आगीत तेल ओतते यात शंका नाही. पण गोव्यातच २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्या एकत्र ठेवून पाहाव्यात. दोन्हींत मानसोपचाराची पदवी नसलेल्या, स्थानिक, प्रशिक्षित समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम केलं. एका चाचणीत अति पिणाऱ्या पुरुषांचं समुपदेशन झालं. पिणं अनेकांचं सुटलं किंवा आटोक्यात आलं, पण बायकोवरच्या हिंसेत फरक आढळला नाही. दुसऱ्या चाचणीत नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या गेल्या. दिवसभरात काय काय करता, त्यातलं काय केल्यावर बरं वाटतं, अडचण कुठे येते, ती कशी सोडवता येईल, असं अगदी कृतीला धरून. नैराश्य कमी झालं, मरणाचे विचार कमी झाले, आणि स्त्रियांनी सांगितलेली नवऱ्याची मारहाणही कमी झाली. हे दुय्यम निष्कर्ष आहेत, त्यांवर मोठी इमारत बांधू नये. ‘बाईने स्वतःला सुधारलं की नवरा सुधारतो’ असा अर्थ तर कोणी काढूच नये, तो मारतो त्याची जबाबदारी त्याचीच. मला त्यातून दिसतं ते एवढंच: आपल्या करण्याने काही बदलतं हा अनुभव परत आलेली बाई वेळेवर बाजूला होते, कोणाला तरी सांगते, पैसे मागे टाकते, आणि मारणाऱ्याला ते जाणवतं.

देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता भरत नाही, तेव्हा हे काम अशा प्रशिक्षित माणसांकडूनच व्हायचं आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ आणि महिलांसाठीचा १८१ हे क्रमांक आहेत, जिल्ह्यांत सखी वन स्टॉप सेंटर आहेत, पोलिस ठाण्यांशी जोडलेले विशेष कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ पासून मुंबईत रुजवले. कमी आहे ती मोजपट्टी. अमुक केंद्रात वर्षभरात इतकी जोडपी पुन्हा नांदायला लागली, अशा बातम्या कौतुकाने छापल्या जातात. त्याऐवजी सहा महिन्यांनी त्याच बाईला एकटीला गाठून विचारावं: मार थांबला का, रात्री झोप लागते का, फोन आणि बँकेचं पासबुक कोणाकडे असतं, माहेरी जायला कोणाला विचारावं लागतं. ही चार उत्तरं नोंदवायला नोंदवहीत चार रकाने पुरतात, आणि ती नोंदवणारी आशाताई गावात आधीपासून आहे.